कानाची जागा

पिठ्याचा पिठाच्या गिरणीशी काडीचाही संबंध नव्हता. तो गाड्यांच्या दारांना स्पीकरचे फायबरचे पॅनेल बनवून द्यायचा. पण घासकामाची पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर कायम बसलेली असायची, म्हणून शेजारच्या टायरवाल्यानं कधीतरी गमतीनं हे नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. खऱ्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यानं आधी मागे वळून दुसरं कोण आलंय ते पाहिलं असतं. बायको तेवढी त्याला 'अहो' म्हणायची, आणि तिला जाऊनही आता वर्ष होत आलं होतं.

टायरच्या दुकानाला लागून पत्र्याची शेड, तीच त्याची कार्यशाळा. पुढच्या उजेडात लेकीचं शिलाई मशीन, कारण ती सीटची कव्हरं शिवायची आणि बापाच्या पॅनेलवर रेक्झिनही तीच चढवायची. मागे एका वेळी एक गाडी उभी राहील एवढी जागा. नवं माणूस आत आलं की आधी रेझिनच्या उग्र वासानं त्याचं डोकं धरायचं, आणि घरी गेल्यावर कळायचं की मनगटं खाजतायत. फायबरचे धागे काचेचे असतात. ते दिसत नाहीत, घुसतात मात्र. पिठ्याला आता खाज कळतही नव्हती.

हे काम काय असतं ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. कारखान्यातून गाडी येते तेव्हा तिच्या दारात स्पीकर असतो, पण खाली, पायांशी, जाळीमागे दडवलेला. गाणं काय ते पोटऱ्या ऐकतात. ज्याला गाण्याचं वेड आहे त्याला हे सोसत नाही, आणि असा माणूस फिरत फिरत पिठ्याकडे यायचा. पिठ्या दाराचं आतलं पॅनेल उतरवायचा, स्पीकर बसेल अशी प्लायवूडची गोल कडी कापायचा, ती लाकडाच्या ठोकळ्यांवर तिरकी उभी करायचा, वरून बनियनचं कापड घट्ट ताणायचा आणि त्या कापडाला ब्रशनं पोटभर रेझिन पाजायचा. रेझिन वाळलं की कापडाचं हाड होतं. मग मागून फायबरच्या मॅटचे थर, पुढून खड्डे बुजवायला लांबीचा लेप, मग हात भरून येईपर्यंत पॉलिश पेपरनं घासायचं, आणि शेवटी रेक्झिन. सगळं झालं की दारावर एक गुबगुबीत वळण उमटायचं, जणू गाडी तसंच घेऊन जन्माला आली होती.

सगळी मेख कडीच्या तिरकेपणात. ढोलाचा जाड आवाज कुठूनही फिरून येतो, त्याला पत्ता सांगावा लागत नाही. पण बारीक आवाज नाकासमोर चालतो. स्पीकरचं तोंड ज्या कानाकडे, त्याच कानाला तो मिळतो. आणि रेझिननं एकदा धरलं की कडी हलत नाही. मग ग्राइंडरनं कापून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, नाहीतर जन्मभर तसंच ऐका. म्हणून कापड ताणायच्या आधी कुणीतरी ड्रायव्हरच्या सीटवर बसून सांगावं लागतं, हां, आता बरोबर.

ते सांगायचं काम बायकोचं. चणीनं ती लहान, पण कानाची पक्की. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याला सीटवर बसवायची, त्याचा कान कुठवर येतो ते बघायची आणि डोक्यामागच्या उशीला तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावायची. गिऱ्हाईक गेलं की सीटवर टॉवेलांच्या घड्या रचून वर चढून बसायची, आपला कान त्या पट्टीशी येईपर्यंत. तरी पाय पुरायचे नाहीत म्हणून सीट पुढे ओढून चढायची आणि बसल्यावर पुन्हा मागे सरकवायची.

"सिंहासन लागतंय बाईसाहेबांना," पिठ्या म्हणायचा.

"बसायला मी आहे, ऐकायला गिऱ्हाईक आहे," ती म्हणायची. "तुम्ही कडी धरा."

तो दाराबाहेर गुडघ्यांवर बसून कडी धरायचा. ती मोठा स्पीकर बंद ठेवून नुसता बारीक आवाजाचा छोटा चालू करायची, डोळे मिटायची आणि बोट हलवून सांगायची. बोट वर, कडी वर. बोट डावीकडे, कडी डावीकडे. मूठ मिटली की झालं. मग तो ठोकळे खिळ्यांनी पक्के करायचा. या कामात त्यांच्यात एकही शब्द होत नसे, आणि संसारात होणारी सगळी भांडणं तेवढ्या वेळापुरती गप्प बसायची. पिठ्याच्या पॅनेलचं गावभर नाव झालं ते असं. तो मात्र हे नाव आपल्या हाताचं समजायचा. निम्मं तर होतंच.

मग तिचं पोट दुखायला लागलं, आणि ते दुखणं तिनं अंगावर काढलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पिठ्याला बाहेर बोलावून खांद्यावर हात ठेवला. पुढे फार दिवस गेले नाहीत.

शेड काही आठवडे बंद राहिली. ती उघडली त्या दिवशी गाडी होती दातांच्या डॉक्टरची. पिठ्यानं दार उघडं टाकलं, सवयीनं गुडघे टेकले, कडी धरली आणि मान वर केली. ती सीटवर बसली होती.

आता याला भूत म्हणा, भास म्हणा, तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. पिठ्या त्या फंदात पडला नाही. तो घाबरलाही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड उतरला. तिनं डोळे मिटलेले होते आणि बोट उचललेलं होतं. त्यानं बोट सांगेल तशी कडी हलवली, मूठ मिटली तशी पक्की केली, आणि खिळा ठोकून पुन्हा वर पाहिलं तेव्हा सीट रिकामी होती. त्या दिवशी घरी जाऊन तो बऱ्याच दिवसांनी नीट जेवला. लेकीला वाटलं, चला, बाबा सावरले.

डॉक्टर चार दिवसांनी परत आला. भला माणूस होता, त्यामुळे आधी पॅनेलचं तोंड भरून कौतुक केलं.

"पण एक सांगू का?" मग तो म्हणाला. "गाणं माझ्या बरगड्यांत वाजतंय. कानापर्यंत येतच नाही. आणि माझी सीट कुणी पुढे ओढली होती? बसताना गुडघे असे आपटले स्टिअरिंगवर, की विचारू नका."

"सीटला मी हात लावला नाही," पिठ्या म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसं खरंच आठवत नव्हतं.

यानंतर हे होतच राहिलं. गाडी पाहायला सुरेख, रेक्झिनची एक सुरकुती नाही, आणि गाणं मात्र कुणाच्या पोटाशी, कुणाच्या मांडीवर. शिवाय प्रत्येकाची सीट पार पुढे. टायरवाल्याला आयतंच कोलीत मिळालं. "पिठ्याच्या शेडमध्ये बुटकं भूत आहे, गाड्या चालवून बघतं," असं तो येईल त्याला तिखटमीठ लावून सांगू लागला. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं की ही थट्टा ऐकून पिठ्याचा ऊर भरून येतो. कारण सीट पुढे ओढायची खोड जगात एकाच माणसाची होती. म्हणजे नुसता भास नव्हता तर. ती येत होती, बसत होती, सीट ओढत होती. सकाळी शेड उघडली की तो आधी गाडीचं दार उघडून सीटवर तळहात ठेवायचा, ऊब लागते का बघायला. पत्र्याच्या शेडमध्ये सगळंच गरम असतं. पण त्याला तेवढं पुरत होतं.

घरी मात्र ती कधी आली नाही. त्यानं वाट पाहिली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहिली, तिच्या बाजूची उशी मोकळी ठेवून पाहिली. तिथे नुसती जागा होती. ती यायची ती शेडमध्ये, गाडीत, कडी हातात धरली की.

म्हणूनच गाडीबाजारवाला आला त्या दिवशी पिठ्याच्या पायाखालची जमीन सरकली. पिठ्याकडची बहुतेक कामं या माणसाकडून यायची. त्यानं काळी गाडी शेडमध्ये आणून लावली आणि आतच बसून राहिला.

"हे बघ, वहिनी गेल्यापासून मी कानाडोळाच करतोय," तो म्हणाला. "पण परत आलेल्या गाड्यांची तोंडं मला बघावी लागतात, तुला नाही. हीपण परत आलीय, पॅनेलं कापून पुन्हा कर. मालक उंचापुरा आहे, तुझ्या लेकीएवढा म्हण ना, आणि डोक्यानं तापट आहे. ही जर पुन्हा परत आली, तर पुढची गाडी मी पुलापलीकडच्या कारागिराला देणार. वाईट वाटून घेऊ नकोस."

पिठ्यानं मान डोलावली. पोटाची चिंता त्याला नव्हती, लेक कमावती होती आणि तिचं मनही मोठं होतं. त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. काम गेलं की गाड्या गेल्या. गाड्या गेल्या की सीट गेली. मग ती बसणार कुठे?

लेक शिलाईवरून हे सगळं ऐकत होती. दुपारी जेवण झाल्यावर तिनं मशीन चालू ठेवून पाय नुसताच पायट्यावर ठेवला आणि नजर मागे लावली. पिठ्यानं आधीची पॅनेलं ग्राइंडरनं कापून काढली. भुकटीचा लोट उठला आणि खाली बसला. मग तो ड्रायव्हरच्या बाजूनं गेला, दार उघडलं, खाली वाकून खटका ओढला आणि सीट पुढे घेतली. तळहातानं ती झटकली. एकदा झटकली, मग हळू फिरवत राहिला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि दाराबाहेर येऊन गुडघे टेकून, कडी धरून, रिकाम्या सीटकडे बघून तो हसला. त्याला बघून लेकीच्या अंगावर काटा आला. बाप असा हसताना तिनं आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

ती उठून गाडीपाशी आली.

"बाबा, सीट तुम्हीच ओढता."

"मी? मी हातसुद्धा लावत नाही."

"मी आत्ता बघितलं."

"काहीतरी बघितलंस तू."

तिनं वाद घातला नाही. नुसतं बोटानं दाखवलं. काळ्या खटक्यावर पांढरी बोटं उमटली होती. काळ्या सीटवर पांढरा तळहात उमटला होता, आणि तो हात ओळखायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. अंगठ्याचा शेंडा पूर्वी कधीतरी कटरनं उडालेला, तो ठशातही नव्हता. पिठ्या त्या ठशाकडे बघत राहिला. मग आपल्या हाताकडे बघितलं. कुणी तोंडात मारावी तसा त्याचा चेहरा झाला.

"रोज मीच?" त्यानं विचारलं.

"रोज तुम्हीच असणार."

तो खाली बसला, रेझिनच्या उपड्या डब्यावर. लेकीला वाटलं होतं, कळलं की बाबा सुटतील. तसलं काही झालं नाही. त्यांचं माणूस दुसऱ्यांदा गेलं होतं आणि या खेपेला ते लेकीनंच नेलं होतं. तिला वाईट वाटलं, पण काळी गाडी समोर होती.

"मी बसते सीटवर," ती म्हणाली. "तुम्ही कडी धरा. मला येतं, आईबरोबर मी कितीदा..."

"तिथे कुणी बसायचं नाही."

हे तो इतक्या जोरात म्हणाला की पलीकडे टायरवाल्याच्या हातोडीचा आवाज थांबला. लेक मागे सरली. पिठ्याला आपलीच लाज वाटली. थोड्या वेळानं तो उठला, फडक्यानं सीटवरचा हाताचा ठसा पुसला, निघेना म्हणून ओल्या फडक्यानं पुसला.

"मीच बसतो," तो म्हणाला. "पॅनेल माझं, तर कान पण माझेच लावतो. तू कडी धर."

आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पिठ्या आपल्या हातच्या गाडीत कडीसमोर ऐकायला बसला. आजवर तो कायम दाराबाहेर, गुडघ्यांवर होता. आतून दाराचं वळण वेगळंच दिसत होतं. त्यानं सीट मागे ढकलली, डोकं टेकलं आणि डोळे मिटले. लेकीनं आईच्या पद्धतीनं मोठ्या स्पीकरची वायर काढली, छोटा तेवढा ठेवला आणि कडी हातात धरली. त्या कामासाठी तिची आई एक ठराविक वाजवणं लावायची, किल्ल्यांचा जुडगा हलवल्यासारखी बारीक किणकिण, एकसारखी चालणारी. लेकीनं तेच लावलं.

पिठ्या वाट बघत बसला. त्याला आपल्या श्वासाचा आवाज येत होता. बाहेरून ट्रक गेला तो कळला.

"लाव की," तो म्हणाला.

लेकीनं एकदा स्पीकरकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"लाव ना. डोळे मिटून किती वेळ बसू?"

"लावलंय, बाबा."

त्यानं डोळे उघडले. लेक कडी तशीच धरून होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "वायर सुटली असेल," तो म्हणाला, आणि वाकून वायर चाचपली. वायर जागेवर होती. "आवाज वाढव." तिनं वाढवला. "अजून वाढव." तिनं वाढवला, आणि तिचे डोळे आपोआप बारीक झाले. ती कडीपासून मान वळवायला बघत होती. पिठ्यानं कान स्पीकरला नेऊन लावला. काहीच नव्हतं. भिंतीला कान लावावा तसं.

तेवढ्यात शेडच्या तोंडाशी टायरवाला उभा दिसला, दोन्ही कानांत बोटं घालून.

"अरे, ही काय किरकिर लावलीय? कान फाटतायत इथे. बंद करा ती."

त्याचा घोगरा आवाज पिठ्याला स्वच्छ ऐकू आला. लेकीनं हात लांबवून बटण बंद केलं. टायरवाल्यानं कानांतली बोटं काढली, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न बोलता परत गेला.

वर्षानुवर्षं कानाशी ग्राइंडर किंचाळलेला, त्यानं पदरात टाकलं होतं ते हे: जाड आवाज येत होते, बारीक आवाज कानाबाहेरच राहत होते. पिठ्यानं कधी कानांत बोळासुद्धा घातला नव्हता. लोक पुटपुटतात, हल्ली कुणाला स्पष्ट बोलायला नको, अशी त्याची तक्रार असायची. लेकीच्या हळू बोलण्यावर तो 'हो हो' म्हणून मोकळा व्हायचा.

"तुझ्या आईला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

लेकीनं होकारार्थी मान हलवली.

"केव्हापासून?"

"मी शाळेत होते तेव्हापासून. मी तुम्हाला सांगायला निघाले होते तर ओरडली माझ्यावर." लेकीनं कडी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणाली, त्यांना कळलं तर ते हातातलं काम खाली ठेवतील. मी बसतेय ना सीटवर. मग काय अडलंय?"

पिठ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. त्याला तिचा राग आला. असा राग, की ती समोर असती तर दिवसभर बोलला नसता. गावभर आपलं नाव मिरवत होतो, आणि ती डोळे मिटून बसायची, कुणाला काही बोलायची नाही. एवढी मोठी गोष्ट तिनं मूग गिळून सांभाळली आणि घेऊन गेली. त्याच्या अपंगपणाची चाहूल त्यालाही लागू दिली नाही. राग ओसरल्यावर जे उरलं त्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. त्याचे डोळे वाहायला लागले आणि गालांवरच्या भुकटीतून ओघळ खाली आले. त्यानं ते पुसले नाहीत.

मग एक विचार त्याच्या मनात आला आणि तो ताठ बसला. वर्षभर तो ज्या बोटाच्या मागे कडी हलवत होता, ते बोट काय ऐकून हलत होतं? छोटा स्पीकर त्यानं कधी चालू केला होता का, हेसुद्धा त्याला सांगता येईना. बहुतेक नव्हताच केला. शेडमध्ये चिडीचूप शांतता होती आणि त्या शांततेत तो एका एका गाडीचे कान ठरवत होता.

तो सावकाश खाली उतरला आणि लेकीच्या हातातून कडी घेतली.

"बस," तो म्हणाला.

लेकीला खरं वाटेना. तो दाराबाहेर गुडघे टेकेपर्यंत ती तशीच उभी होती. मग ती सीटवर बसली, डोकं मागे टेकलं आणि बटण दाबलं. तिच्या भुवया हलल्या त्यावरून त्याला कळलं की वाजायला लागलं. त्यानं कडी धरली. तिचे ओठ हलले. आजवर अशा वेळी तो 'हो हो' म्हणाला असता आणि आपल्या अंदाजानं कडी सरकवली असती.

"मोठ्यानं सांग," पिठ्या म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

"थोडं वर," लेक ओरडली. पलीकडच्या टायरवाल्यालाही ते ऐकू गेलं.

पिठ्यानं मान वर करून सीटकडे पाहिलं. तिथे लेक बसली होती. तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्यानं डोळे मिचकावले, पुन्हा पाहिलं, आणि कडी थोडी वर सरकवली.